कमला सोहोनी : नकाराच्या गोष्टीत हरवलेले संशोधन

कमला सोहोनी यांच्यावर मराठीत जे काही लिहिले जाते, त्यात बंगळूरचा प्रसंग चुकत नाही. साल १९३३. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला रसायनशास्त्रात पहिली आलेली कमला भागवत नावाची बावीस वर्षांची मुलगी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज करते. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन तीनच वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले. अर्ज मुलीचा आहे एवढ्याच कारणावर ते तो नाकारतात. मुलगी गप्प बसत नाही. बंगळूर गाठते, कारण विचारते, सत्याग्रहाची भाषा करते. शेवटी प्रवेश मिळतो, पण अटींवर : पहिले वर्ष उमेदवारीचे, नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तितका वेळ, प्रसंगी रात्रीही, काम करायचे, आणि आपल्या असण्याने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यायचे नाही. प्रसंग खरा आहे. १९९७ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेने केलेल्या सत्काराच्या वेळी कमलाबाईंनी तो स्वतः सांगितला, आणि साठ वर्षे उलटूनही त्यातला अपमान त्या विसरल्या नव्हत्या.

तो सांगू नये असे कोणी म्हणणार नाही. तक्रार निराळी आहे. या एका प्रसंगाने पुढची पन्नास-साठ वर्षे गिळून टाकली आहेत. गोष्टीत नकार देणारे रामन, अटी घालणारे रामन, वर्षभराने मत बदलणारेही रामनच. कमलाबाईंच्या वाट्याला फक्त ठाम उभे राहणे येते. त्यानंतर केंब्रिज, पीएच.डी., नीरा, राष्ट्रपती पुरस्कार, संचालकपद असे एकेक शब्द घाईने येतात आणि लेख संपतो. त्यांनी नेमके काय शोधले, हे विचारले तर बहुतेक वाचकांना सांगता येणार नाही, आणि दोष वाचकांचा नाही. या लेखाचे म्हणणे असे की बंगळूर, केंब्रिज आणि मुंबई या तिन्ही ठिकाणी कमलाबाई एकाच प्रश्नाभोवती काम करत होत्या. आणि केंब्रिजनंतरची उतरण म्हणून ज्याकडे पाहिले जाते ते मुंबईतले काम हाच त्या प्रश्नाचा सर्वांत पक्का भाग होता.

आधी ‘पहिली’ या बिरुदाचा निकाल लावू. महाराष्ट्राला पहिल्या स्त्रियांची यादी करण्याची हौस आहे, आणि ती अगदीच निरुपयोगी नाही. पण ‘विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ हे बिरुद कमलाबाईंना लावताना एक अडचण येते : वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डी.एस्सी. दिली होती. मग ‘केंब्रिजची पहिली’, ‘जीवरसायनातली पहिली’ अशी बिरुदाला ठिगळे लावावी लागतात. शिवाय केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी आणि विद्यापीठाचे सदस्यत्व दिले ते १९४८ मध्ये, म्हणजे कमलाबाई पीएच.डी. घेऊन परतल्यावर नऊ वर्षांनी. रामन यांना जुनाट ठरवून इंग्लंडला उदार ठरवणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे. पहिलेपण हे शर्यतीचे माप आहे, संशोधनाचे नव्हे. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता आणि चौदा महिन्यांत पुरा झाला, हेही असेच कौतुकाने सांगितले जाते. पानांची संख्या पाठ आणि पानांतला मजकूर गायब, अशी ही आपली स्मरणशक्ती आहे.

मजकुराकडे वळू. कमलाबाईंचा जन्म १९११ मध्ये इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या त्याच संस्थेच्या, तेव्हाच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या, अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. थोरली बहीण लेखिका दुर्गा भागवत. इथे एक आक्षेप रास्त आहे : ज्या घरात दोन रसायनशास्त्रज्ञ आहेत, मुलींना शिकवायचे की नाही हा प्रश्नच नाही, त्या सुशिक्षित उच्चवर्णीय घरातल्या मुलीची कहाणी ही साऱ्या भारतीय स्त्रियांची कहाणी कशी? ती नाहीच. पण त्यातून निघणारा निष्कर्ष कमलाबाईंना छोटे करणारा नाही. वडील माजी विद्यार्थी, स्वतः विद्यापीठात पहिली, गाठीशी पैसा आणि इंग्रजी, एवढे सगळे असूनही जिथे प्रवेशासाठी ठाण मांडावे लागले, तिथे यातले काहीही नसलेल्या मुलींचा अर्जसुद्धा पोचणार नव्हता. दार किती अरुंद होते याचा पुरावा म्हणून ही कहाणी वाचावी. एका मुलीच्या जिद्दीने ते सताड उघडले याचा पुरावा म्हणून नव्हे.

आणि ते सताड उघडलेही नाही. कमलाबाईंचे काम पाहून रामन यांनी पुढे मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली, हा गोष्टीचा सुखान्त मानला जातो. १९४० मध्ये रामन यांच्याच प्रयोगशाळेत आलेल्या अण्णा मणी यांनी हिरा आणि माणिक यांच्या वर्णपटांवर वर्षानुवर्षे काम केले, शोधनिबंध प्रसिद्ध केले, प्रबंध लिहिला; पण एम.एस्सी. झालेल्या नाहीत या तांत्रिक कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. त्या पुढे भारतीय हवामानशास्त्रातल्या मोठ्या शास्त्रज्ञ झाल्या, ही गोष्ट वेगळी. प्रवेश मिळणे आणि बरोबरी मिळणे यांत केवढे अंतर असते, हे बंगळूरच्या सुखान्तात दिसत नाही.

अटी मान्य करून आत गेलेल्या कमलाबाईंनी तिथे काय केले? मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्याकडे त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह मिळवली. विषयाची निवड लक्षात घेण्यासारखी आहे. मांस-अंडी न खाणाऱ्या किंवा न परवडणाऱ्या कोट्यवधी लोकांना प्रथिन मिळते ते डाळीतून, उसळीतून आणि मिळाले तर दुधातून. ते प्रथिन किती आहे, कसले आहे, अंगी किती लागते, याची रासायनिक मोजदाद तेव्हा नुकती कुठे सुरू होत होती. चोविशी-पंचविशीतल्या कमलाबाईंनी हा प्रश्न हाती घेतला आणि निवृत्तीपर्यंत सोडला नाही. मध्ये केंब्रिज आले, पण तेही या धाग्याबाहेरचे नव्हते.

केंब्रिजमध्ये त्या पोचल्या १९३७ मध्ये. जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स, आहारातल्या सूक्ष्म पण अत्यावश्यक घटकांकडे, म्हणजे पुढे ज्यांना जीवनसत्त्वे म्हटले गेले त्यांच्याकडे, लक्ष वेधल्याबद्दल १९२९ चे नोबेल मिळालेले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा एका बाबतीत जगावेगळी होती : तिथे स्त्रिया मोठ्या संख्येने संशोधन करत. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने इतिहासात प्रथमच दोन स्त्रियांना फेलो म्हणून निवडले, त्यांतल्या मार्जरी स्टीफनसन याच प्रयोगशाळेतल्या. कमलाबाईंना आधी डेरेक रिश्टर यांनी आपल्याकडचे टेबल वापरायला दिले. ते गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. वेगळी केलेली हरितलवके प्रकाशात ऑक्सिजन सोडतात, हे दाखवणारा आणि आज ‘हिल अभिक्रिया’ म्हणून पाठ्यपुस्तकांत शिकवला जाणारा शोध हिल यांनी त्याच वर्षांत लावला. प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनातले ते सर्वांत तापलेले टेबल, आणि शेजारी मुंबईहून आलेली ही मुलगी बटाट्यावर काम करत होती.

बटाटाच का, हे सांगायला हवे. चिरलेला बटाटा उघडा राहिला की काळा पडतो. हे काम एका विकराचे. तो ऑक्सिजनच्या मदतीने बटाट्यातल्या फिनॉल-द्रव्यांचे रूपांतर घडवतो. वनस्पतींमध्ये असे विकर सर्रास सापडत असल्याने वनस्पतीचे श्वसन मुख्यतः अशाच मार्गाने होते की प्राण्यांसारखे, हा तेव्हाचा वादाचा मुद्दा होता. प्राणी आणि यीस्ट यांच्या पेशींत सायटोक्रोम नावाची लोहयुक्त रंगद्रव्ये इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे देत ऑक्सिजनपर्यंत पोचवतात, हे केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ पासून उलगडत नेले होते. वनस्पतीच्या ऊतींमध्येही सायटोक्रोम सी असते आणि तिथल्या ऑक्सिडीकरणात त्याचा वाटा असतो, हे कमलाबाईंनी दाखवले. फुलणाऱ्या वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा हिल आणि भागवत यांचा संयुक्त निबंध १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. बटाटा आणि तो खाणारा माणूस श्वसनाची मूळ यंत्रणा एकच वापरतात, ही आज शाळेत सहज सांगितली जाणारी गोष्ट सिद्ध करणाऱ्या कामात कमलाबाईंचा हिस्सा होता.

त्याच वर्षी ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये भागवत, ब्लाश्को आणि रिश्टर या तिघांच्या नावे अमाइन ऑक्सिडेज या विकरावर एक निबंध आला. हे विकर त्याच विभागात मेरी हेअर या तरुण संशोधिकेने १९२८ मध्ये प्रथम ओळखले होते. मेंदूत सेरोटोनिन, ॲड्रेनॅलिन यांसारख्या द्रव्यांचे विघटन करणारे ते विकर आज मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणून ओळखले जाते. १९५० च्या दशकात आलेली नैराश्यावरची पहिली औषधे याच विकराला रोखणारी होती. त्या साखळीत आपल्या एका लेखिकेच्या बहिणीचे नाव आहे, हे मराठी वाचकाला कोणी सांगितलेले दिसत नाही. कारण एक साधे आहे. १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर त्यांचे नाव बदलले. १९३९ पर्यंतचे शोधनिबंध ‘के. भागवत’चे आणि पन्नाशीच्या दशकातले ‘के. सोहोनी’चे, संदर्भसूचीत या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. पुरुष शास्त्रज्ञाच्या कामाची अशी दोन शकले सहसा होत नाहीत.

१९३९ मध्ये भारतात परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. कुन्नूरचे संचालक एक्रॉइड पुढे १९४३ च्या बंगाल दुष्काळाच्या चौकशी आयोगावर होते. पोषण हा विषय त्या दशकात भारतात जीवन-मरणाचा होता. पण कमलाबाईंना तिथे पुढची वाट दिसेना. लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि १९४९ च्या सुमारास रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने उघडलेल्या जीवरसायन विभागात प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. इथून पुढे बहुतेक चरित्रलेख नीरेकडे धाव घेतात. आपण आधी वालाकडे जाऊ.

वालाची उसळ खाणाऱ्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक असते की वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि नीट शिजवायचे. कच्चे वाल कोणी खात नाही. यामागे केवळ चव नाही. स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन हे विकर लहान आतड्यात प्रथिनांचे तुकडे करते. अनेक कडधान्यांत असे एक प्रथिन असते जे ट्रिप्सिनलाच घट्ट धरून निकामी करते. म्हणजे दाण्यात प्रथिन भरपूर, पण पचवणाऱ्या हत्याराचीच धार गेलेली. सोयाबीन शिजवून दिले तर प्राण्यांची वाढ सुधारते, हे अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्ये पाहिले होते. सोयाबीनमधला ट्रिप्सिन-रोधक स्फटिकरूपात वेगळा काढला मोझेस कुनिट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या मध्यावर. पण भारतात तेव्हा सोयाबीन खात कोण होते? इथे ताटात होते ते वाल, हरभरा, मूग, तूर, मटकी. कमलाबाईंनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन भारतीय भाज्या आणि कडधान्ये एकेक करून तपासली, आणि १९५५ मध्ये वाल व डबल बी या दोहोंतले ट्रिप्सिन-रोधक स्फटिकरूपात वेगळे काढल्याचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. कुनिट्झ यांच्यानंतर जेमतेम दहा वर्षांनी, मुंबईतल्या एका सरकारी महाविद्यालयीन संस्थेतून. ज्यांनी प्रथिन शुद्ध करून त्याचे स्फटिक बनवण्याची त्या काळची यातायात पाहिली असेल, त्यांना यातले कौशल्य वेगळे सांगावे लागणार नाही.

या कामात बंगळूर आणि केंब्रिज एकत्र येतात. प्रश्न बंगळूरचा : गरिबाच्या प्रथिनाचे पोटात काय होते? हत्यार केंब्रिजचे : विकर कसे वेगळे काढायचे, कसे मोजायचे, त्याला कोण अडवते हे कसे ओळखायचे. म्हणूनच मुंबईतल्या कामाला उतरण म्हणणे चूक आहे. वनस्पतींतल्या विकरांचे जे ज्ञान केंब्रिजमध्ये एका मूलभूत प्रश्नासाठी वापरले गेले, तेच इथे देशातल्या ताटावर लावले गेले. रोधकांचा बराचसा भाग उष्णतेने निकामी होतो, हे एकदा प्रयोगाने ठरले की स्वयंपाकघरातल्या परंपरेतले काय टिकवायचे आणि काय नुसती सवय आहे, हे निवडता येते. दुर्गाबाईंनी ‘खमंग’ लिहून मराठी पदार्थांची चव नोंदवली. धाकट्या बहिणीने त्याच पदार्थांचे रसायन नोंदवले. पहिल्या कामाला आपण संस्कृती म्हणतो. दुसऱ्यालाही म्हणायला हरकत नसावी.

आता नीरा. शिंदी, ताड यांचा ताजा रस सूर्योदयापूर्वी नीरा असतो आणि ऊन चढू लागले की आंबून ताडीकडे झुकतो. मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने नीरेवरही सरकारचे नियंत्रण आले. दुसरीकडे ताडगूळ आणि नीरा ही ग्रामोद्योगाच्या कार्यक्रमातली आवडती उत्पादने. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. तीत क जीवनसत्त्व, लोह आणि इतर घटक किती, ते गुळात कितपत टिकतात, हे तपासले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्याने प्रकृती सुधारते, असे त्यांच्या गटाला आढळले. याबद्दल राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, आणि त्यामुळेच नीरा त्यांच्या नावाला चिकटली. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामात हा भाग सर्वांत जास्त गाजलेला आणि तुलनेने कमी भक्कम आहे. नीरेत मुख्यतः साखर असते. अर्धपोटी मुलाला जवळजवळ काहीही पूरक दिले तरी काही प्रमाणात फरक पडतो. आणि काही तासांत आंबणारे पेय साऱ्या राज्याच्या कुपोषणावरचा उपाय होऊ शकत नव्हते, तसे ते झालेही नाही. पुरस्कार वालाला मिळायला हवा होता. पण वालामागे कोणताही सरकारी कार्यक्रम उभा नव्हता.

इथे अधिक गंभीर आक्षेप येतो. पोषण, आहार, दूध, कडधान्ये ही विज्ञानातली ‘बायकांची खोली’ होती. भौतिकशास्त्राची मोठी दालने पुरुषांकडे आणि स्वयंपाकघराच्या लगतचे विषय स्त्रियांकडे, अशी वाटणी तेव्हा होती आणि आजही पुरती गेलेली नाही. मग कमलाबाईंच्या या कामाची थोरवी गाणे म्हणजे त्या पिंजऱ्याचीच थोरवी गाणे नाही का? आक्षेपात तथ्य आहे. दिल्लीतली त्यांची पहिली नोकरी स्त्रियांच्याच वैद्यकीय महाविद्यालयात होती, हा योगायोग नव्हे. पण वाटणी अन्यायाची असली म्हणून वाटणीत आलेला विषय हलका ठरत नाही. हॉपकिन्स यांना नोबेल मिळाले ते आहारातल्या घटकांवरच्या कामाबद्दल. तेव्हा त्याला कोणी स्वयंपाकघराचे शास्त्र म्हटले नाही. विषय हलका ठरतो तो हाताळणाऱ्याच्या नावावरून, हाच तर मूळ रोग. शिवाय कमलाबाईंनी कडधान्ये निवडली ती बंगळूरला, जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत, नोकरीचा प्रश्न उभा राहण्याआधी. निवड आणि सक्ती यांची सरमिसळ प्रत्येक आयुष्यात असते. सक्तीचा भाग दाखवताना निवडीचा भाग पुसायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येईल : यांत जगाला हलवणारा शोध कुठे आहे? नाही, हे मान्य. सायटोक्रोमचे नाव कायलिन यांच्याशी जोडले जाते, ट्रिप्सिन-रोधकांचे कुनिट्झ यांच्याशी. पण एखाद्या देशाचे विज्ञान रामन-परिणामासारख्या दोन-चार शिखरांवर उभे राहत नाही. इथल्या अन्नाचे, इथल्या मातीचे, इथल्या रोगांचे चोख मोजमाप करणारी माणसे लागतात, आणि त्यांचे विद्यार्थी लागतात. कमलाबाईंनी एक विभाग शून्यातून उभा केला आणि तो जागतिक दर्जाच्या नियतकालिकात छापला जाईल असे काम करू लागला. आरे दूध प्रकल्पाच्या सल्लागार म्हणून दूध नासू नये यासाठी काढलेली पद्धतही याच जातीचे काम. अशा कामाला पुतळे लाभत नाहीत. ते शहराच्या सकाळच्या दुधात असते.

रामन यांचा नकार इतका रंगवून सांगणाऱ्यांना दुसऱ्या नकाराचे मात्र विस्मरण झालेले असते. ज्या संस्थेत आयुष्याची सर्वोत्तम वर्षे दिली त्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालकपद कमलाबाईंना अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे उशिरा मिळाले. हा नकार स्वातंत्र्यानंतरचा, स्वतंत्र भारतातल्या सरकारी यंत्रणेतला आणि आपल्या मुंबईतला. त्यात नोबेलविजेता नाही, सत्याग्रह नाही, नाट्यमय अटी नाहीत. टेबलावर दाबून ठेवलेली फाइल आहे. म्हणून त्याची गोष्ट होत नाही. बंगळूरचा नकार १९३३ मध्ये ठेवून आपल्याला निर्धास्त राहता येते. मुंबईचा नकार ओळखीचा असल्याने टोचतो. निवृत्तीनंतर त्यांनी भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्थेत काम केले, १९८२-८३ मध्ये अध्यक्षपद सांभाळले, संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहक-सुरक्षेवर लिहिले. मराठीत ‘आहारगाथा’ लिहिली. प्रयोगशाळेतून बाहेर पडल्यावरही प्रश्न बदललेला नव्हता : लोक खातात त्यात नेमके काय आहे?

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलीला ट्रिप्सिन-रोधक सांगून काय उपयोग, तिला रामनपुढे न झुकलेली कमलाच हवी, असे शिक्षक म्हणतील. मला उलट वाटते. झुकली नाही एवढेच ऐकलेल्या मुलीला विज्ञानात धैर्य लागते एवढेच कळते. वाल कच्चे का खायचे नाहीत हे प्रयोगाने कसे सिद्ध झाले, हे ऐकलेल्या मुलीला विज्ञान कळते, आणि ते आपल्याच घरातल्या पातेल्यातून सुरू झाले हेही कळते. दोन्ही सांगायला काय हरकत आहे? क्रम तेवढा बदलावा. आधी काम, मग नकार.

१९९८ मध्ये, दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या सत्कारानंतर थोड्याच काळात, कमलाबाई गेल्या. २०१९ पासून त्यांची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे. या विद्यापीठाने एक काम हाती घ्यावे : ‘भागवत’ आणि ‘सोहोनी’ या दोन्ही नावांखालचे शोधनिबंध आणि त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध एकत्र करून त्यांची एक सूची छापावी, आणि तिच्यासोबत प्रत्येक निबंधाचा मराठीत पानभर सारांश द्यावा. त्याला फार पैसा लागत नाही. एखादा ग्रंथपाल, दोन जीवरसायनाचे अध्यापक आणि एक वर्ष पुरे. तोवर मराठी संपादकांनी कमला सोहोनींवरचा पुढचा लेख बंगळूरच्या फाटकापासून सुरू होणार असेल तर तो लेखकाकडे परत पाठवावा.